तुम्ही विचारलंत म्हणून : मार्चमध्ये जाऊन बघा

‘आशियात इतकी वर्षं राहताय, तर राहायला सगळ्यात चांगली जागा कोणती?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण मोठी रजा टाकून, किंवा कुठूनही करता येईल असं काम हाताशी धरून, वर्षभर बाहेर राहण्याच्या तयारीत असतात. तीन-चार नावं त्यांनी आधीच काढलेली असतात : चियांग माई, व्हिएतनाममधलं हनोई किंवा होई आन, एखादं बेट. त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं, एवढीच अपेक्षा असते.

मी नाव सांगत नाही, महिना सांगते. ज्या गावाचा सगळ्यात वाईट महिना तुम्हाला तिथल्या माणसांबरोबर काढता येईल, ते गाव राहण्याजोगं. चांगल्या महिन्यांत सगळीच गावं लोभस असतात, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मी राहते ते चियांग माई उत्तर थायलंडमध्ये आहे. नोव्हेंबर ते जानेवारी इथे कोणीही प्रेमात पडावं असे दिवस असतात. सकाळी गारवा, स्वच्छ ऊन आणि पश्चिमेला १,६७६ मीटर उंचीचा डोई सुथेप, त्याच्या अंगावरच्या सोनेरी देवळासकट अगदी हाताशी आल्यासारखा. फेब्रुवारी सरता सरता धूर दाटू लागतो आणि तो अख्खा डोंगर दिसेनासा होतो. शहर खोऱ्यात आहे. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, खालची गार हवा वर सरकत नाही आणि धूर तिथेच कोंडतो. हवेतल्या पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची शिफारस घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमची आहे. मार्चमध्ये इथला आकडा १००च्या वर गेला तर कोणाला नवल वाटत नाही. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, वाळत घातलेल्या कपड्यांना जळका वास लागतो.

हा धूर येतो कुठून, यावर बाहेरून आलेल्या लोकांत एकच उत्तर ऐकू येतं : डोंगरातले शेतकरी जाळतात. जाळतात हे खरं आहे. पण त्या उतारावर पिकणारा मका जातो कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात, आणि ते मांस शहरात खाल्लं जातं, परदेशीही जातं. कापणीनंतर धाटं उरतात. तीव्र उतारावर ट्रॅक्टर चढत नाही, मजूर लावले तर पिकाचे पैसे त्यातच जातात. काडी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय उरतो. त्यात पानगळीच्या जंगलातले वणवे, आणि म्यानमार-लाओसच्या सीमा ओलांडून येणारा धूर. दरवर्षी जाळण्यावर बंदी येते, दंड होतात. तरी मका पिकवायला लावणारी बाजारपेठ जागच्या जागी असते. सगळा दोष त्या एका माणसाच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही, कारण पहिला धूर त्याच्याच लेकरांच्या छातीत जातो. त्याच डोंगरांतली गावं उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलात जाळरेषाही काढतात. वाळका पाचोळा बाजूला सारून मोकळी पट्टी करायची, म्हणजे वणवा तिथे अडतो. रात्री आग दिसली की हीच माणसं पाठीवर ब्लोअर बांधून डोंगर चढतात.

परदेशी रहिवाशांपैकी पुष्कळ जण या दिवसांत दक्षिणेच्या बेटांवर निघून जातात. भाजीवाली जात नाही, लाल सोंगथेव, म्हणजे इथल्या शेअर टॅक्सी, चालवणारे जात नाहीत, शाळाही जात नाहीत. मी राहते. घरातली एक खोली फटी बुजवून बंद केलेली, तिच्यात हवा गाळणारं यंत्र, बाहेर पडताना एन ९५ मास्क. गल्लीतल्या मावशींकडून शिकले की बाहेरची कामं सकाळी उरकू नयेत. सकाळी धूर जमिनीलगत बसलेला असतो. दुपारी ऊन तापून हवा वर जाऊ लागली की तो जरा पातळ होतो. मग १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, येतं. १२९६ मध्ये वसलेल्या या जुन्या शहराभोवतीच्या खंदकाशी सगळं गाव गोळा होतं आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांवर पाणी उडवतं. धुराचे आठवडे काढून त्या गर्दीत उभं राहिलं की ते पाणी किती हवंहवंसं असतं, ते विमानाने थेट सणाला येणाऱ्याला सांगून कळणार नाही.

हनोईतली तऱ्हा निराळी. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरून ओलसर उबदार हवा येते आणि गार फरशीवर दव धरतं. भिंतींना घाम फुटतो, जिना निसरडा होतो, चपलांना बुरशी येते, कपडे वाळता वाळत नाहीत. खिडक्या उघडून घर वाळवावं असं वाटतं. पण दमट हवा आत आली की फरशी जास्तच भिजते. तिथे राहत असताना घरमालकीणबाई रोज येऊन माझ्या खिडक्या लावून जायच्या, आणि जाताना सुकं फडकं हातात देऊन जायच्या. ओल्या फडक्याने फरशी पुसायची त्या दिवसांत सोय नाही.

होई आनला मी राहिले ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थू बॉन नदी गावात शिरते तेव्हा. तिथल्या जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला झरोका ठेवलेला असतो. पाणी चढू लागलं की दुकानातला माल दोराने त्यातून वर ओढून घेतात. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं, त्याच्या खुणा भिंतीवर सालासकट असतात. आणि पाणी ओसरू लागलं की कोणी बसून राहत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक खराट्याने गाळ ढवळत नदीकडे लोटतात. पाणी पूर्ण गेल्यावर तोच गाळ थिजून बसतो, मग तो खरवडावा लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. थायलंडने जुलै २०२४ मध्ये परदेशी कंपन्यांचं काम दूरवरून करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला. त्यात एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं, आणि खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात. थायलंडमध्ये घर भाड्याने घेताना तुम्ही राहायला आल्याची खबर घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. ती देतो का, हे पहिल्याच दिवशी विचारा. तिची पावती पुढे कामाला येते.

दमा असेल, घरात तान्हं मूल असेल, तर धुराच्या दिवसांत चियांग माईत राहू नका. त्यात कोणी कमीपणा मानू नये. पण ज्यांची तब्येत साथ देते त्यांनी वर्षाच्या भाड्यावर सही करण्याआधी एकदा मार्चमध्ये पंधरा दिवस इथे येऊन राहावं. होई आन मनात असेल तर नोव्हेंबरमध्ये जावं, हनोई असेल तर फेब्रुवारीत. हॉटेल घेऊ नका, गल्लीतली खोली घ्या आणि शेजारी काय करतात ते रोज बघा. पंधरा दिवसांनी त्यांच्यासोबत आणखी पंधरा दिवस काढावेसे वाटले, तर घर शोधायला लागा.