दोष घोडीत होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न आला की "होतं असं कधीकधी" म्हणून मी चहा टाकायला उठते. ओवळ्याच्या बाजूला आमचा छोटा तबेला आहे. पाच घोडे, आणि शनिवार-रविवारी शिकायला येणारी मुलं. मुलांचे आईबाप कुंपणापाशी गप्पा मारत उभे असतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच, "ते शिंगरू गेलं ना तुमचं? घोडीतच काही दोष होता का?" कुणी दबक्या आवाजात विचारतं, कुणी केतकीच्या तोंडासमोर. घोडा कुणाचा होता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

केतकी अरबी घोडी. पूर्वी या खाडीत गलबतांतून घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, असं नावाचं सांगतात. तेव्हा घोडबंदर रोडवर आपल्याकडे एक अरबी घोडी असावी, ही माझी जुनी हौस. पुण्याकडच्या एका गृहस्थांनी घोडे विकायला काढले तेव्हा मी घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारांना घेऊन गेले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिली, मग अंगावरचा एकेक भोवरा तपासला. गळ्याखालच्या शुभ मानल्या जाणाऱ्या भोवऱ्यावर हात गेला तसे हसले. "ताई, देवमण आहे. डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून घेतली.

पुढे तिला घोडा दाखवायचा ठरला तेव्हाही हेच. घोडा देखणा, वंशावळीचा कागद चोख. त्या कागदात तिच्या आणि त्याच्या आजोबांच्या जागी एकच नाव होतं. मला ते वाचून बरंच वाटलं. नात्यातलं स्थळ, माहितीचं घर, या आपल्या सवयीनेच मी तो कागद वाचला. दोष कुणाचा हे शोधायचंच असेल तर त्या कागदावर खूश होणाऱ्या बाईपासून सुरुवात करा.

अकरा महिन्यांनी, ऐन पाडव्याच्या पहाटे, केतकी व्यायली. साडेचारला मामांचा फोन आला. मी पोचले तेव्हा शिंगरू पेंढ्यावर ओलंचिंब, चार पाय चार दिशांना, उठायची धडपड चाललेली. रंगाने कुमैत, कपाळावर रुपयाएवढा चांद. नाव शोधावं लागलंच नाही. पाडवा.

मामांचं सगळं लक्ष चिकाकडे. घोडीच्या बाबतीत पोटातून पिल्लाला रोगाशी लढायचं बळ मिळत नाही. जे मिळतं ते सगळं चिकातून, तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की पिल्लाचं आतडं ते आत घेईनासं होतं. मामांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण शिंगराने आचळाला तोंड लावेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. लावल्यावर मोबाईलवर वेळ पाहून ठेवली. पाच बावन्न.

दोन महिने पाडव्याने तबेला डोक्यावर घेतला होता. मुलांचा फुटबॉल दिसला की हा मागे. मग नाक वाहायला लागलं. सर्दी, म्हटलं. मग खोकला, मग १०४ ताप. औषधाचा कोर्स झाला, ताप उतरला, चार दिवस बरे गेले की पुन्हा तेच. तोवर पाऊस लागला. पत्र्यावर पाणी कोसळत असताना त्या आवाजातूनही त्याचा खोकला ऐकू यायचा. आपलं मूल खोकलं की कितीही गाढ झोपेत कळतं, तसा.

डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं, आठवड्याने पुन्हा पाठवलं. दोन्ही वेळा लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हजाराच्याही खाली. ते चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, पेटीवर बसले आणि म्हणाले, "अरबी आहे म्हणून मला एक शंका येतेय."

त्या आजाराचं नाव सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी. डॉक्टर नुसतं 'स्किड' म्हणतात. अरबी घोड्यांमधला हा आजार अमेरिकेत १९७३ साली नोंदला गेला, आणि १९९७ मध्ये त्याचं मूळ सापडलं. एका जनुकात डीएनएची पाच अक्षरं गळलेली असतात. तेवढ्यामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशी बनतच नाहीत. शिंगरू जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण ते आईच्या चिकावर, उसनवारीवर जगत असतं. दोन-तीन महिन्यांत ती उसनवारी संपते. मग दुसऱ्या शिंगराला नुसत्या शिंका आणणारा एखादा विषाणू याच्या फुप्फुसात घर करतो. पाच महिन्यांच्या पुढे सहसा कुणी जात नाही. उपाय नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे चीक कमी पडला?"

"उलट आहे मामा," डॉक्टर म्हणाले, "चीक नीट पाजलात म्हणून तर इतके दिवस काढले त्याने."

मामांना ते पटलं नाही. पुढे कित्येक महिने तबेल्यात कुणीही आलं, अगदी वीजबिलवाला आला तरी, मामा सांगायचे, "पाच बावन्नला तोंड लावलं होतं त्याने. मी वेळ बघितलीय."

आषाढीच्या आदल्या रात्री पाडवा उभा राहीना. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. कायमचं झोपवणारी सुई द्यायचं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. सही माझी आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला सकाळपर्यंत केतकीपाशीच ठेवलं. तिने हुंगलं, नाकाने दोनदा ढोसलं, बराच वेळ मान खाली घालून उभी राहिली. मध्यरात्रीनंतर ती पाठ फिरवून गवत खायला लागली. मला तिचा भयंकर राग आला. अजून आठवला की लाज वाटते. सकाळी जेसीबी आला, शेजारच्या मोकळ्या जागेत खोल खड्डा घेतला, मीठ आणि चुना टाकला. तेव्हा ती खिंकाळली, आणि मग दोन दिवस रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला खिंकाळत राहिली. तिची कास दगडासारखी झाली होती. पिळावंसं वाटायचं, पण पिळलं की दूध आणखी येतं, म्हणून मामा हात लावू द्यायचे नाहीत. चंदी बंद, नुसतं सुकं गवत. आठवड्याने दूध आटलं. दुःख म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात दिसलं, आणि त्यावर आम्हाला करता आलं ते एवढंच: चंदी बंद करणं.

नंतर केतकीच्या आयाळीचे मुळासकट उपटलेले वीस-पंचवीस केस पाकिटात घालून अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर आलं: वाहक. म्हणजे त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, एक चांगली. तिला स्वतःला काही होणार नाही, आयुष्यभर. आणि शिंगरू आजारी निघायला दोन बिघडलेल्या प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यामुळे घोड्याची तपासणी न करताही त्याचा निकाल माझ्या हातात होता.

मी घोड्याच्या मालकांना फोन केला. "आमच्या घोड्यात काही नाही हो," ते म्हणाले. "एवढी शिंगरं झालीत त्याची. तुमच्या घोडीतच बघा." शिंगरं धडधाकट झाली असणारच. वाहक नसलेल्या घोडीपासून झालेली सगळी धडधाकटच दिसतात, फक्त त्यांतली निम्मी तेच पुढे घेऊन जातात. मी रिपोर्ट पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. घोडा अजून लागतोय. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस अरबी घोडे तपासले तेव्हा शंभरात साधारण आठ वाहक निघाले होते. आपल्याकडे देवमण मोजतात.

उल्हासनगरची माझी एक मैत्रीण हे ऐकून अजिबात चकित झाली नाही. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त, त्यामुळे लग्नाआधी रक्त तपासा हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. "आमच्याकडे आधी रिपोर्ट, मग पत्रिका," ती म्हणाली. हिशोब तोच. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक. हे 'प्रत्येक वेळी' लोकांच्या डोक्यात शिरत नाही. "एक गेलं ना, आता पुढची तीन चांगली होतील," असं मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. घोडीचं पोट असा हिशोब ठेवत नाही.

तर, दोष घोडीत होता का? अर्धा. तपासून निर्दोष ठरलेला घोडा मिळाला तर तिचं एकही शिंगरू या आजाराने जाणार नाही. तसा कागद दाखवणारा मालक मला अजून भेटलेला नाही, म्हणून केतकी रिकामी आहे आणि मुलांना पाठीवर घेऊन फिरते.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ तिला पैदाशीसाठी मागायला आले. किंमत बरी देत होते. मी आधी रिपोर्ट पुढे केला, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट केला, घडी घालून मला परत दिला आणि केतकीच्या गळ्याखाली हात घातला.

"अहो, देवमण तर आहे की!"

मामा तिथेच खरारा करत होते. "आहे ना," ते म्हणाले. "पाच बावन्नला तोंडही लावलं होतं."