वाचकाला लपवायचं आहे की स्वतःला?

साइट काढायची ठरली की लोक पहिल्यांदा डोमेन विकत घेतात. साध्या साइटसाठी ते बरोबरच आहे. पण तीच साइट पुढेमागे टॉरवर (वाचक आणि साइट दोघांचाही ठावठिकाणा लपवू शकणारं जाळं), म्हणजे टॉर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डॉट ओनियन पत्त्यावर न्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं करा: लपवायचं कुणाला आहे? वाचकाला, की साइट चालवणाऱ्याला? दोन्हींची मांडणी पूर्ण वेगळी असते. त्यांची सरमिसळ झाली की मेहनत वाया जाते, आणि दुसऱ्या प्रकारात माणूस अडचणीत येतो.

पहिला प्रकार सोपा. बीबीसीने २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आणि प्रोपब्लिकाने २०१६ मध्ये आपल्या साइटचे ओनियन पत्ते सुरू केले. या संस्था कोण आहेत हे जगाला माहीत आहे. त्यांना सोय करायची होती ती वाचकाची, म्हणजे तो काय वाचतोय हे त्याच्या इंटरनेट कंपनीला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला दिसू नये म्हणून. दुसऱ्या प्रकारात चालवणाऱ्याचाच पत्ता लागता कामा नये. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. नाव उघड असण्याची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आधी उघड साइटचं बघू, कारण पहिल्या प्रकारात तीच पाया असते.

डोमेन आपल्या मालकीचं होत नाही, ते मुदतीवर मिळतं. डॉट कॉमसारखं नाव घेतल्यावर दिलेल्या ईमेलवर पडताळणीचा दुवा येतो. १५ दिवसांत तो दाबला नाही तर डोमेन थांबवलं जातं, आणि सगळं नीट चाललेलं असताना साइट अचानक गायब का झाली हे कळत नाही. तो ईमेल त्याच डोमेनवरचा तर अजिबात नसावा. मुदत संपली की ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची आठवण पोचतच नाही. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) काही दिवस, फार तर ४५, नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतो. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव परत मिळतं, मग ५ दिवस ते कुणालाच हलवता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणीही उचलू शकतं. नव्या डोमेनला पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडेही नेता येत नाही, तेव्हा पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर वाचावा.

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि मराठीत पूर्ण पत्ता लिहायची सोय झाली. डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता (आयपी) शोधून देणाऱ्या यंत्रणेला, मात्र देवनागरी कळत नाही. आत ते नाव 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदललं जातं. मराठीची खास अडचण इथेच आहे. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या 'र'ला हलन्त लावून मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं तर तुमचा पत्ता सापडेलच असं नाही. म्हणून नावात असा र टाळलेला बरा. शिवाय एक रोमन डोमेन जोडीला ठेवा, कारण अजूनही पुष्कळ फॉर्म देवनागरी पत्त्याचा ईमेल घेत नाहीत.

डीएनएसमध्ये फार खोलात जायची गरज नाही. नावापुढे सर्व्हरचा आयपी लिहायची ए नोंद आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी, एएएए नोंद आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यासाठी. मूळ डोमेनवर सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) लावता येत नाही, तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसारख्या उपनावावरच लावायचा. सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. तो ८६४०० वर असताना आयपी बदललात, तर काही वाचक पूर्ण दिवसभर जुन्या सर्व्हरवर जात राहतील. आणि नोंद टाकण्याआधी ब्राउझरमध्ये पत्ता उघडून बघायची घाई नको. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवून ठेवलं जातं, आणि नोंद टाकल्यावरही बराच वेळ तेच समोर येत राहतं.

होस्टिंगसाठी १ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि एनजिनएक्स हा पानं पुरवणारा वेब सर्व्हर, एवढं लेखांच्या साइटला पुरून उरतं. वर्डप्रेसपेक्षा ह्यूगोसारख्या साधनाने घरच्या संगणकावर पानं तयार करून नुसत्या एचटीएमएल फाइली चढवाव्यात. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, म्हणजे फोडायलाही फारसं काही उरत नाही. पहिल्या दिवशी एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) की लावा, पासवर्डने लॉगिन बंद करा, आणि फायरवॉलमध्ये २२ (एसएसएच), ८० (एचटीटीपी) व ४४३ (एचटीटीपीएस) एवढेच पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे दरवाजे, उघडे ठेवा. क्रम चुकवू नका: २२ ला परवानगी देण्याआधी फायरवॉल चालू केलीत तर तुम्ही स्वतःच बाहेर. मग कंपनीच्या वेब कन्सोलमधून आत शिरावं लागतं.

एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते आणि नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं. ते मिळण्यात अडथळा येतो तो बहुधा दोन कारणांनी. पोर्ट ८० बंद असतो, किंवा डीएनएसमध्ये जुनी एएएए नोंद पडून असते. डोमेन तुमच्याच ताब्यात आहे ना, ही त्यांची तपासणी आयपीव्ही६ ला प्राधान्य देते. त्यामुळे तुमच्या ब्राउझरमध्ये साइट छान दिसते आणि तपासणी भलत्याच सर्व्हरवर जाऊन आपटते. एका नावासाठी तासात ५ वेळा अपयश आलं की थांबावं लागतं, म्हणून आधी त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर प्रयोग करा. पुढची खोच नूतनीकरणाची. नवं प्रमाणपत्र डिस्कवर येतं, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो. प्रमाणपत्र आणणाऱ्या सर्टबॉट या साधनाच्या डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवं प्रमाणपत्र आल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञांत, रीलोडची आज्ञा घातली की प्रश्न मिटतो. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे लक्ष आपणच ठेवायचं.

आता ओनियन. टॉर डेबियनच्या भांडारातून नव्हे तर टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या भांडारातून बसवा, सुधारणा लवकर मिळतात. टॉरआरसी नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोनच ओळी लागतात. एक 'हिडनसर्व्हिसडिर', त्यापुढे /व्हार/लिब/टॉर खालचा एखादा फोल्डर. दुसरी 'हिडनसर्व्हिसपोर्ट ८० १२७.०.०.१:८०८०'. १२७.०.०.१ म्हणजे तेच मशीन; ओनियनवर आलेला वाचक त्याच्या ८०८० पोर्टवर जातो, म्हणून एनजिनएक्स तिथे ऐकत असायला हवा. फाइलमध्ये अर्थातच सगळं रोमन लिपीत. टॉर पुन्हा सुरू केला की तो फोल्डर आपोआप तयार होतो आणि त्यातल्या होस्टनेम फाइलमध्ये तुमचा पत्ता सापडतो.

तो पत्ता जरा जवळून बघा. डॉट ओनियनच्या आधी ५६ अक्षरं: ए ते झेड आणि २ ते ७ हे आकडे. ते यादृच्छिक दिसतात, पण त्यात ३२ बाइटांची सार्वजनिक की, २ बाइटांची पडताळणी बेरीज आणि १ बाइट आवृत्तीचा आहे. आवृत्ती ३ असल्यामुळे प्रत्येक पत्त्याचं शेवटचं अक्षर 'डी' येतं. म्हणजे पत्ता कुणी दिलेला नाही, तो किल्लीतूनच निघाला आहे. रजिस्ट्रार नाही, फी नाही, मुदत नाही. कुठे १६ अक्षरांचा ओनियन पत्ता दिसला तर तो जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा, २०२१ मध्ये बंद झालेला.

टॉर फक्त बाहेर जाणारी जोडणी करतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही. घरच्या इंटरनेटला स्वतंत्र आयपी नसेल, एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असतील, तरी ओनियन साइट तिथून चालते. उघड साइट तशी चालत नाही.

बिघडतं कुठे? डेबियनवर 'टॉर' सेवेची स्थिती विचारली तर ती 'चालू आहे, बाहेर पडली' असं काहीतरी सांगते आणि माणूस घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो. ती नुसती नावाची सेवा आहे. खरी 'टॉर@डिफॉल्ट', लॉगही तिचाच वाचायचा. फोल्डर /व्हार/लिब/टॉरच्या बाहेर ठेवलात तर डेबियनचा पहारेकरी अ‍ॅपआर्मर अडवतो. फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकालाच प्रवेश) आणि मालक डेबियन-टॉर हा वापरकर्ता हवा, नाहीतर टॉर सुरूच होत नाही. सर्व्हरचं घड्याळ काही तासांनी चुकलेलं असेल तर पत्ता बरोबर असूनही साइट सापडत नाही. आणि एनजिनएक्सच्या सर्व्हर नेममध्ये तो लांबलचक पत्ता लिहिला की पुष्कळदा एनजिनएक्स हॅश बकेटची (नावांसाठी राखलेल्या जागेची) तक्रार करून बंद पडतो. सेटिंगमधला त्या बकेटचा आकडा ६४ वरून १२८ केला की चालतो.

उघड साइटवर 'ओनियन-लोकेशन' हेडर (पानाबरोबर ब्राउझरला जाणारी, वाचकाला न दिसणारी ओळ) लावलं की टॉर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जांभळं बटण दिसतं आणि वाचक एका टिचकीत ओनियनवर जातो. ते हेडर एचटीटीपीएसवरच चालतं. पहिल्या प्रकाराचं काम इथे संपलं. एकच काळजी उरते: ओनियनवरून येणारा प्रत्येक वाचक लॉगमध्ये १२७.०.०.१ असाच दिसतो. फेलटूबॅनसारखं, त्रास देणारे आयपी अडवणारं साधन एका खोडसाळ पाहुण्यामुळे १२७.०.०.१ लाच बंदी घालू शकतं आणि ओनियनचे सगळे वाचक एकदम बाहेर राहतात. तो पत्ता सवलतीच्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्या.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्वतःला लपवायचं असेल तर, वरचं डोमेन, प्रमाणपत्र, उघड साइट हे सगळं विसरायचं. डोमेनला पैसे भरणाऱ्याची नोंद असते. भारतातल्या व्हीपीएस कंपन्यांना तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशामुळे ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क पाच वर्षं जपून ठेवावं लागतं. उघड प्रमाणपत्रावर लिहिलेलं प्रत्येक नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं, 'गुप्त' असं उपडोमेन काढलं तरी. म्हणून मशीन वेगळं, त्यावर दुसरं काहीही नाही, आणि पत्ता फक्त ओनियन.

टॉरचं गणित फोडून माणूस सापडण्यापेक्षा आजूबाजूच्या साध्यासुध्या गोष्टींतून सापडणं कितीतरी सोपं असतं. एनजिनएक्सला '१२७.०.०.१:८०८०' ऐवजी नुसतं '८०८०' ऐकायला सांगितलं, तर फायरवॉलने न अडवल्यास तीच साइट खऱ्या आयपीवरही दिसते आणि इंटरनेट चाळणारी यंत्रं ती नोंदवून ठेवतात. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हर-स्टेटसचं पान फक्त स्थानिक मशीनला दिसावं अशी व्यवस्था असते. पण टॉरमधून आलेला पाहुणा अपाचेला स्थानिकच वाटतो, आणि ते पान चालू असेल तर त्या मशीनवर आत्ता कोण काय मागतंय ते जगासमोर उघडं पडतं. अपाचे असेल तर ते मॉड्यूल आधी काढा. उघड आयपीवर आणि ओनियनवर एकच एसएसएच सेवा ठेवली, तर दोन्हीकडची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) सारखी दिसते आणि दुवा जुळतो.

बाहेर जाणारी वाहतूक त्याहून घातक. वर्डप्रेस अपडेट शोधायला, पिंगबॅक (दुसऱ्या साइटला दुवा दिल्याची सूचना) द्यायला स्वतःहून बाहेर जातो, आणि जातो तो खऱ्या आयपीवरून. कुणी मुद्दाम दुवा देऊन त्याला आपल्या सर्व्हरवर बोलावलं की आयपी हातात. फायरवॉलमध्ये डेबियन-टॉर या वापरकर्त्याशिवाय कुणालाही बाहेर जाऊ न देणारा नियम लावा, म्हणजे चूक झाली तरी डेटाचं पाकीट मशीनच्या बाहेर पडत नाही. फोटोंमधला एक्झिफ (फाइलमध्ये दडलेली माहिती) पुसा, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. सर्व्हरची वेळ यूटीसी या जागतिक वेळेवर ठेवा. एखाद्या पानावर किंवा फीडमध्ये '+०५३०' ही भारतीय वेळेची खूण दिसली की शोधाचा परीघ एकदम लहान होतो. घरी चालवत असाल तर तुमच्या भागातलं लोडशेडिंगही बोलतं. ओनियन आणि अमुक फीडर रोज एकाच वेळी बंद पडत असतील, तर ते जुळवायला कुणी फार हुशार असावं लागत नाही.

गरज थोड्या दिवसांची असेल, दहा-वीस कागदपत्रं ठरावीक लोकांना दाखवायची असतील, तर सर्व्हरच नको. ओनियनशेअर हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसवा, वेबसाइट हा प्रकार निवडा, फोल्डर ओढून टाका, आणि मिळालेला पत्ता व खासगी की त्या माणसांना सुरक्षित मार्गाने द्या. की नसलेल्याला साइट उघडतच नाही. खिडकी बंद केली की साइट संपली, आणि पत्ता जपून ठेवायला सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी नवा मिळतो.

कायमच्या साइटसाठी मात्र हिडनसर्व्हिसडिर फोल्डरमधली गुप्त किल्लीची फाइल कूटबद्ध करून दोन ठिकाणी ठेवा आणि सर्व्हरची डिस्कही कूटबद्ध असू द्या. ती फाइल ज्याच्या हाती गेली तो उद्या तुमच्याच पत्त्यावर स्वतःची साइट चालवू शकतो, आणि वाचकाला फरक कळायला काही मार्ग नाही. ती हरवली, तर तक्रार करायला रजिस्ट्रार नाही. नवे ५६ अक्षरी पत्ते वाटत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.