मशीनमधली हलगी

कोल्हापुरात ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला असतो. "भावा, ह्यात हलगी हाय का?" असते की. 'इंडियन पर्कशन' नावाच्या कप्प्यात डफासारखं काहीतरी धपधपत असतं. पण खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लागली की जी कडाडते, ती नव्हे. असं का, ते समजून घ्यायला मी सॅम्पलरच्या, म्हणजे खरा आवाज भरून घेऊन तो पट्ट्यांवर वाजवणाऱ्या मशीनच्या, मुळाशी गेलो, आणि तिथंच रमलो.

1979 साली सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय हा संगणकावर चालणारा कीबोर्ड बाजारात आणला. गंमत म्हणजे खऱ्या वाद्यांचे आवाज मशीनमध्ये भरायचे, असा त्यांचा मूळ बेत नव्हताच. आवाज गणितानं घडवायचा होता, आणि तो काही जिवंत वाटेना. मग व्होगेलनं रेडिओवर लागलेल्या पियानोचा सेकंदभराचा तुकडा मशीनमध्ये घेतला आणि वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवून बघितला. सगळ्या आकडेमोडीपेक्षा तोच खरा वाटला! रायरीला मात्र ही चक्क फसवणूक वाटायची. मला विचाराल तर फसवणूकच आहे, पण कानाला हवीहवीशी.

अडचण मेमरीची होती. त्या मशीनमध्ये एका आवाजाला 16 किलोबाइट मिळायचे. व्हॉट्सॲपवरचा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा एवढ्यात बसणार नाही. मशीन आवाज क्षणाक्षणाला मोजून साठवतं, त्यातली एकेक मोजणी म्हणजे नमुना. एका नमुन्याला एक बाइट, म्हणजे 8 बिट, धरा, सेकंदाला 16 हजार नमुने घ्या, की सेकंदात खेळ खलास. मग सूर लांबवायचा कसा? शेवटचा बारका तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा, म्हणजे लूप. बासरीचा सरळ सूर यात कसाबसा खपतो. तंबोऱ्याला ही युक्ती लावली की संपलं, कारण जवारीत, म्हणजे तारेच्या त्या झणझणीत गुंजनात, क्षणाक्षणाला काहीतरी बदलत असतं आणि लूपमध्ये तेच तेच फिरताना कान लगेच पकडतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर विसराच. शिवाय 8 बिट म्हणजे आवाजाच्या फक्त 256 पायऱ्या. सूर विरत गेला की या पायऱ्या उघड्या पडतात आणि खरखर ऐकू येते.

तालवाद्यांना मात्र हे सगळं माफ. ठोका पडला, वाजला, विझला. विरायलाच फारसं काही नाही, मग खरखर ऐकू येणार कधी? म्हणून त्या काळच्या मशीनमध्ये तालवाद्यं उठून दिसतात, असं माझं मत आहे.

पुढचं झपाट्यानं झालं. फेअरलाइटमध्ये प्रत्येक आवाजाला वेगळी मेमरी होती. अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीच्या डेव्ह रॉसमनं ओळखलं की सगळ्या आवाजांना एकच मेमरी वाटून देता येईल. त्यातून 1981 चा इम्युलेटर आला. मग एन्सॉनिक कंपनीचा मिराज हा सॅम्पलर, 1,695 डॉलरला. त्याची चिप बॉब यॅनिसची, ज्यानं आधी कमोडोर 64 या घरगुती कॉम्प्युटरची आवाजाची चिप केली होती.

आमच्या घरात सॅम्पलिंग शिरलं ते कॅसिओ एसके-1 या छोट्या कीबोर्डमधून. मामानं दुबईहून आणलेला, छोट्या पट्ट्यांचा, अंगातच माइक असलेला. 1.4 सेकंदाचा आवाज धरायचा. कुकरची शिट्टी, आज्जीची हाक, सगळं त्यात गेलं, आणि एकदा गल्लीतली हलगीही. जाड टिपरूचा ठोका बरा आला. डाव्या हातातल्या बारक्या काडीची तडतड मात्र गायब! कारण नंतर कळलं. ते मशीन सेकंदाला जेमतेम 9,380 नमुने घेतं, आणि त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे साधारण 4,700 हर्ट्झच्या वरचं काही त्यात टिकत नाही. काडीचा कडकडाट नेमका तिथं वर असतो.

आता सेकंदाला 44,100 नमुने घेतो, मेमरीला तोटा नाही. तरी एकच ठोका भरला की मशीनमधली हलगी मेल्यासारखी वाजते, कारण खऱ्या वादकाचे दोन ठोके कधी सारखे नसतात. म्हणून पेठेतल्या एका हलगीवाल्या काकांना घरी बोलावलं. त्यांनी आधी अंगणात कागद पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकली. "आत्ता घे," म्हणाले. कातडं तापलेलं असताना आवाज चाबकासारखा निघतो. थोड्या वेळानं ते सैलावतं आणि आवाज खाली बसतो. काका परत शेकायला उठले, तर मी थांबवलं आणि सैल हलगीही भरून घेतली. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "असली कोण ऐकतंय?"

शेकलेली उजवीकडच्या पट्ट्यांवर लावलीय, सैल डावीकडे, प्रत्येक पट्टीवर पाच-सहा ठोके आळीपाळीनं. लावणीला शेकलेलीच लागते. सैल हलगी मी संथ गाण्यांखाली हळू आवाजात ठेवतो, तिथं ती छान बसते. दोन्ही हातांच्या जलद ठोक्यांचं काम बाकी आहे. गणपतीत काका मोकळे नसतात, त्यामुळे ते दिवाळीनंतरच.