उजेड काढायचा

चित्र ‘काढतो’ असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात कागदावर रंग घालतच असतो. हे क्रियापद अक्षरशः खरं ठरतं ते स्क्रॅचबोर्डवर. हार्डबोर्डवर किंवा जाड पुठ्ठ्यावर चिनी मातीचा गुळगुळीत पांढरा थर आणि त्यावर काळ्या शाईचा पातळ पापुद्रा. पात्याच्या टोकानं शाई खरवडली की पांढरी रेघ उघडी पडते. सावली रंगवायला लागतच नाही, ती आधीपासून बसलेलीच असते.

19व्या शतकात युरोपात छपाईच्या चित्रांसाठी ही पद्धत रुजली. लाकडी ठसा कोरण्यापेक्षा काम लवकर उरकायचं.

समजा, मांजर काढायचंय. रेखाटनाच्या पाठीला पांढरा खडू घासून ते हलक्या हातानं बोर्डवर उतरवायचं. तळव्याखाली कोरा कागद हवाच, नाहीतर घामातेलाचे डाग शाईवर उमटतात. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं आखूड फटकारे मारायचे आणि शेवटी पातं अलगद उचलायचं, म्हणजे रेघ निमुळती होते. जोर दिला की पातं मातीत रुततं, चर पडतो. तिथं पुन्हा शाई लावली तरी खड्डा दिसतोच. रेघा जाड, फाटक्या यायला लागल्या तर हाताला दोष देऊ नये, पातं बदलावं. भुकटी तोंडानं फुंकायची नाही, थुंकीचा एक थेंबही डाग पाडतो. मऊ ब्रशनं झटकावी.

नवशिक्याला घाई असते ती पहिल्याच हातात सगळं पांढरंशुभ्र करायची. मग मांजर कापसाचं दिसतं. थोडं खरवडून त्यावर पाणी घातलेल्या शाईचा हात फिरवावा, वाळू द्यावा, मग निवडक केस पुन्हा उघडावेत. खोली अशी येते. मिशा सगळ्यात शेवटी, एका दमात.

तयार बोर्ड नसेल तर शाळेतली युक्ती आहेच. जाड कार्डशीटवर ऑइल पेस्टलचे उजळ रंग, कुठेही कागद न दिसेल इतके दाट. वर काळा पोस्टर कलर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, कारण त्याशिवाय मेणकट रंगावर पाणी गोळा होऊन पळतं. दोन पातळ हात पुरेत. एकच जाड थर वाळला की पोपडे धरतो. पावसाळ्यात तर तो रात्रभर ओलसर राहतो. खरवडायला खराट्याचा हीर किंवा शाई संपलेलं बॉलपेन उत्तम. कंपासचं टोक नको, कागदच फाटतो.