नाचणीतलं कॅल्शियम ताटापर्यंत किती पोचतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नाचणीच्या गुणांच्या यादीत काहीही सुटत नाही: हाडं, रक्त, साखर, वजन, केस, त्वचा. यातले बहुतेक गुण ज्वारी-बाजरीला, अगदी न चाळलेल्या गव्हाच्या कणकेलाही तसेच लागू होतात. नाचणीचं खरं वेगळेपण एकच, आणि ते म्हणजे कॅल्शियम. गंमत अशी की घरोघरी नाचणी खाण्याच्या ज्या पद्धती 'पौष्टिक' म्हणून चालतात, त्यातल्या काहींत नेमकं तेच हरवतं.

आधी आकडे बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गव्हात ३९, ज्वारीत आणि बाजरीत २७-२८, आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ७-८. रोजच्या धान्यांत नाचणीच्या जवळपास फिरकणारं कुणी नाही. बाकीच्या रकान्यांत मात्र चित्र साधं आहे. नाचणीत प्रथिनं ७.२ ग्रॅम, म्हणजे गव्हापेक्षा (१०.६) आणि बाजरीपेक्षा (११) बरीच कमी, तांदळापेक्षाही किंचित कमीच. तंतू ११.२ ग्रॅम. हा आकडा तांदळाच्या चौपट आहे खरा, पण गव्हाच्या कणकेत आणि बाजरीतही तेवढेच तंतू असतात. उष्मांक १०० ग्रॅमला ३२०च्या आसपास, म्हणजे गव्हाइतकेच. पोळी सोडून नाचणीची भाकरी धरली आणि वजन उतरलं, तर श्रेय बहुधा दोन भाकऱ्यांत पोट भरण्याला आणि पोळीवरचं तेल-तूप सुटण्याला द्यावं लागेल.

लोहाचंही असंच आहे. हिमोग्लोबिन कमी आलं की नाचणी सुचवली जाते. १०० ग्रॅममध्ये लोह ४.६ मिलिग्रॅम, बाजरीत ६.४. प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. शिवाय नाचणीचा लाल-तपकिरी रंग ज्या सालीमुळे येतो त्या सालीत टॅनिन असतं, धान्यात फायटेट असतं, आणि ही दोन्ही लोहाला आतड्यात अडवतात. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्चा कांदा-कोथिंबीर असेल तर काही प्रमाणात भरपाई होते. वर लगेच चहा घेतला तर तीही जाते. ॲनिमिया असेल तर नाचणी जरूर खा, पण डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी बंद करून नको.

म्हणून कॅल्शियमकडेच वळू. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरीमागे १८० मिलिग्रॅम. दोन भाकऱ्यांत ३६०. प्रौढ माणसाची दिवसाची शिफारस १००० मिलिग्रॅमची, त्यामुळे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झालं. फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही, तरी रोजच्या जेवणातून एवढं देणारं दुसरं धान्य नाही. आता याची तुलना मुलांच्या दुधात घालतात त्या दोन चमचे नाचणीशी करा. दोन छोटे चमचे म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे ३६ मिलिग्रॅम. ज्या पेलाभर दुधात ती घातली त्या दुधातच २०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आधीपासून आहे. नाचणी चमच्याने मोजायची वस्तू नव्हे, ती भाकरीने मोजावी.

बिस्किटांचं तर बोलायलाच नको. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि मग कुठेतरी नाचणी, असं दिसलं की ते नाचणीच्या नावाचं मैद्याचं बिस्किट. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्याच, पापडात नाचणी भरपूर असते, पण मीठ आणि पापडखारही असतो. रक्तदाब असेल तर ते तोंडी लावण्यापुरतेच बरे.

आता कॅल्शियम हरवतं कुठे, ते पाहू. नाचणीचा दाणा मोहरीहून बारीक, आतला गर मऊ आणि साल त्याला घट्ट चिकटलेली. त्यामुळे तांदळासारखी ती सहज सडता (कांडून साल काढता) येत नाही, पूर्वापार सालीसकटच दळली जाते. हे आपल्या पथ्यावरच पडलं, कारण कॅल्शियमचा, तंतूंचा आणि टॅनिनचाही मोठा वाटा त्या सालीत आहे. पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळलं किंवा भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळली, की साल गेली. घरी करतात ते पारंपरिक सत्व हेच: भिजवा, वाटा, गाळा, खाली बसलेला साका वाळवा. पांढुरकं, गुळगुळीत, पचायला हलकं होतं, पण तो मुख्यतः स्टार्च आहे. फडक्यात जो चोथा राहतो त्यात आपल्याला हवं होतं ते बरंचसं निघून जातं. सहा महिन्यांच्या बाळाला पहिले काही आठवडे गाळलेलं द्यायला हरकत नाही. मोठ्या माणसाने हाडांसाठी गाळलेलं सत्व घेण्यात काही अर्थ नाही. चोथा निघालाच तर थालीपिठाच्या भाजणीत मळून टाका.

गाळण्यापेक्षा मोड आणणं कितीतरी शहाणपणाचं. मोड येताना दाण्यातलं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम-लोह जास्त मोकळं होतं, सालही जागेवर राहते. किलोभर नाचणी घ्या. आधी ती रोळायला हवी. नाचणीत खडे आणि वाळू हमखास असते आणि दाण्याच्याच आकाराची असल्याने निवडून निघत नाही. पाण्यात घेऊन भांडं हलवत हलवत दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतत जायचे, तळाशी कचकच राहते. तीन-चार पाणी बदललं की पुरतं. मग रात्रभर, आठ ते दहा तास भिजत ठेवा. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधा. उन्हाळ्यात २४ तासांत, थंडीत ३६ तासांपर्यंत मोड येतात. फडकं वाळलं तर वरून पाणी शिंपडायचं, पण पुरचुंडी पाण्यात बसता कामा नये. मोड दोन-तीन मिलिमीटरचे झाले की थांबा. लांब वाढू दिले तर पीठ कडवट लागतं आणि मोडांची जाळी होऊन दाणे सुटे होत नाहीत. आंबूस किंवा कुबट वास आला, दाणे बुळबुळीत लागले, तर वाया गेलं समजा. भाजून वास गेला तरी ते बाळाला देऊ नका.

वाळवणं हा यातला सगळ्यात बिघडणारा टप्पा. पातळ पसरून, वर झिरझिरीत कापड टाकून, दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा. कडक उन्हात एक दिवस, ढगाळ हवेत दोन किंवा तीन. ओल राहिली तर पिठाच्या गुठळ्या होतात आणि पंधरवड्यात बुरशी धरते. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये. वाळल्यावर तळहातांनी चोळून मोड झाडून टाका. बाळाच्या पेजेसाठी थोडे दाणे न परतता बाजूला ठेवून वेगळे दळा, त्याचं कारण पुढे येईल. बाकीचे मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परता, गार झाल्यावर दळा.

मोडाच्या पिठाचा एक गुणधर्म माहीत नसला की गोंधळ होतो. मोड येताना दाण्यात ॲमायलेझ हे विकर तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं. म्हणून मोडाच्या पिठाची खीर साध्या पिठाइतकी घट्ट होत नाही. लोक पीठ वाढवत बसतात. तो दोष नाही, उलट लहान बाळासाठी हाच मोठा फायदा. बाळाचं पोट इवलंसं. पातळ पेज दिली तर पोट पाण्याने भरतं, घट्ट दिली तर गिळता येत नाही. साध्या पिठाची घट्ट पेज शिजवून, उतरवून थोडी निवू द्या आणि बोट जेमतेम सोसेल इतकी गरम असताना त्यात छोटा चमचाभर न भाजलेलं मोडाचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत ती सैल होते. मग एकदा उकळी आणा, कारण घातलेलं पीठ कच्चं असतं. उकळत्या पेजेत ते घातलं किंवा आधी खूप भाजलं, तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. वर अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ, साखर, गूळ, मध काही घालू नये.

याच विकरामुळे मोडाच्या पिठाची भाकरी नीट होत नाही. चिकटते, तव्यावर तुटते. भाकरीला साधंच पीठ घ्या.

गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं ग्लुटेन हे प्रथिन नाचणीत नाही, म्हणून भाकरीला उकड लागते. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. पाणी मीठ घालून खळखळ उकळायचं, गॅस बंद करून पीठ एकदम घालायचं, उलथन्याने फिरवून झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी, गरम असतानाच, पाण्याचा हात लावून तळहाताने मऊसर मळा. कडा फाटल्या तर उकड कमी बसली आहे किंवा पीठ जुनं आहे. पाणी वाढवून पुन्हा मळा. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, कोरडं पीठ लावा. मध्यम तापलेल्या तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवा आणि ते सुकत आलं की लगेच उलटा. पूर्ण वाळू दिलं तर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने तीन भाग नाचणीला एक भाग तांदळाचं पीठ घ्यावं. गार झाली की ती कडक होतेच, गरमच वाढा. डब्यासाठी ज्वारी बरी.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातलं मेथिओनिन नाचणीत चांगलं, लायसिन कमी. कडधान्यांत बरोबर उलटं. कोकणात भाकरीबरोबर कुळथाची पिठी खातात, तिथे हिशोब आपोआप जमतो, आणि कुळथात स्वतःचं कॅल्शियमही भरपूर आहे. सुका जवळा अख्खाच खाल्ला जात असल्याने त्यातूनही कॅल्शियम मिळतं. शाकाहारी घरात तिळाची चटणी ठेवा. ताक तर हवंच.

ताकावरून आंबील. पाव वाटी पीठ एक वाटी पाणी आणि दोन चमचे ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. आंबवल्यानेही फायटेट घटतं. सकाळी तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धारेने, ढवळत ओता. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गोळे होतात आणि ते मोडत नाहीत. सात-आठ मिनिटं शिजू द्या, कच्चट वास जाईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावरच ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरेपूड. गरम आंबिलीत ताक घातलं तर फाटतं.

मधुमेहींसाठी नाचणी चांगली की वाईट, याचं एका शब्दात उत्तर नाही. कोणता पदार्थ, हे महत्त्वाचं. भाजी-डाळीबरोबर भाकरी ही एक गोष्ट आणि गाळलेल्या, विरघळलेल्या सत्वाचा गूळ घातलेला पेला ही दुसरी. बारीक पीठ पाण्यात शिजून पातळ झालं की त्याची साखर झटपट रक्तात उतरते, नाचणी असली तरी. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी खाऊन दोन तासांनी मोजा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियम-फॉस्फरसचा विचार करून, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तिच्यातल्या ऑक्झलेटसाठी (खडे बनण्यात याचा हात असतो), नाचणी रोजची करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सीलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर नाचणी चालते, गिरणी चालत नाही. जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ उरतंच. तांदळावर दळून घेतलं तरी थोडाफार गहू येऊ शकतो, त्यामुळे घरघंटीच हवी, तीही गहू न शिवलेली.

विकत घेताना पिठाऐवजी दाणे घ्या. दाणा एकसारखा भरलेला, हातात घेतल्यावर धूळ न सोडणारा हवा. रंग फारच झगझगीत लाल वाटला तर ओल्या कापसाने दाणे चोळून बघा. कापूस गुलाबी-किरमिजी झाला तर ऱ्होडामाइन हा रंग लावलेला आहे. पांढऱ्या नाचणीत टॅनिन कमी असतं, चव सौम्य असते, मुलं ती सहज खातात. अख्खी नाचणी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, कीड तिच्याकडे फारशी वळत नाही. पीठ मात्र महिनाभर पुरेल एवढंच दळा. जुन्या पिठाला कडवट चव येते आणि भाकरी थापताना ते साथ सोडतं.