गॅसच असेल!

आमच्याकडे गळ्याच्या खाली आणि मांडीच्या वर काहीही दुखलं की ते आधी गॅस असतं, मग दुसरं काही. दुखणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत खटला उभा राहतो. ‘काल वाल खाल्लेस ना?’ ‘उपाशीपोटी चहा ढोसलास ना?’ ‘रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल कोण बघत होतं?’ पुराव्यांना तोटा नसतो, कारण कालच्या दिवसात पोटाच्या दृष्टीने काहीच गैर घडलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय.

या निदानाची खरी खुबी अशी की ते सगळ्यांना परवडतं. गॅस म्हटलं की कुणाला रजा टाकावी लागत नाही, अपरात्री रिक्षा शोधावी लागत नाही, मेडिक्लेमची फाइल कपाटातून निघत नाही. चिमूटभर ओवा आणि काळं मीठ, यावर प्रकरण मिटतं. त्यामुळे घरातला प्रत्येक जण, दुखणाऱ्यासकट, आतून गॅसच्याच बाजूचा असतो. आणि बहुतेक वेळा तो गॅसच निघतो, म्हणून तर ही सवय जात नाही.

माझी आत्या पेणजवळ राहते. तिकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, मूठभर ओवा, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि तो चर्र करून उडाला की पोपटी झाली. त्यात ओवा चवीसाठी घालतात की पोटासाठी, यावर वाद घालत बसलं तर शेंगा थंड होतात, म्हणून तो वाद कुणी घालत नाही.

ओव्याची गरज मात्र पडते. वालात, हरभऱ्यात, वाटाण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, काहींच्या पोटात मिथेनही. या सगळ्याला काही तास लागतात. म्हणजे रात्री नऊला खाल्लेले वाल उत्तररात्री बोलू लागतात. जेवून पाट सोडतो न सोडतो तोच पोट फुगलं तर त्यात वालांचा दोष कमी. ते बहुधा भरभर जेवताना गिळलेल्या हवेचं किंवा सोड्याच्या बाटलीचं काम. आरोप करताना निदान वेळ तरी बघावी, असं माझं मत आहे. आमच्या घरात ते अल्पमतात आहे.

तर अशाच एका पोपटीच्या रात्री आत्याचा कॉलेजातला नातू पोट धरून उठला. पार कमरेत वाकलेला. आम्ही ओव्याचा डबा शोधायला धावलो. आत्या जागची हलली नाही. ती म्हणाली, “कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव.” त्याने बेंबीजवळ बोट ठेवलं, मग डावीकडे नेलं, मग तळवाच पोटभर फिरवला. “आजी, मघाशी इथं होतं, आता इकडं गेलंय.” आत्याने त्याला उताणं झोपवलं, पायांत उशी दिली, डाव्या हाताचं मधलं बोट त्याच्या पोटावर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक केलं. डबडब असा पोकळ आवाज आला. मग पोट सगळीकडून दाबून पाहिलं. मऊ होतं. “गॅस आहे. पाय पोटाशी घे आणि लाजू नकोस,” एवढं सांगून ती झोपायला गेली.

ही टकटक वैद्यकात आली ती ऑस्ट्रियातल्या लेओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरमुळे. त्याच्या वडिलांची खाणावळ होती आणि पिंपात दारू कुठवर आहे हे बाहेरून ठोकून ओळखता येतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तीच युक्ती त्याने रोग्यांच्या छातीवर लावली आणि 1761 साली त्यावर पुस्तक लिहिलं. सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आत्याच्या बाबतीत असं कधीच झालेलं नाही.

तिच्या त्या तपासणीत बरंच काही बसतं. गॅसचं दुखणं एका जागी टिकत नाही. कळ येते, चढते, सुटते, पुन्हा दुसरीकडून येते. पोटात गुरगुर होते. वारा सरला किंवा शौचाला झालं की हलकं वाटतं. कळ मात्र भयंकर असू शकते, आणि तिच्या जोरावरून कारणाचा अंदाज बांधता येत नाही. आतड्याला कापलेलं, भाजलेलं फारसं कळत नाही, पण ताणलेलं फार कळतं. एरवीही आपल्या पोटात पेलाभर, साधारण 200 मिलिलिटर वायू खेळत असतोच. तेवढ्यावर एखादा गाढ झोपतो आणि एखादा रात्रभर घरात येरझारा घालतो. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं हेही सर्वसाधारणच. चारचौघांत आपण तो आकडा शून्य धरून चालतो, एवढंच. चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत, त्यांत हाही आहे. पण बैठकीच्या खोलीत चरकाचं कोण ऐकतो?

आता आत्याचीच दुसरी केस. शेजारच्या मुलीच्या पोटात संध्याकाळी बेंबीभोवती दुखत होतं. घरच्यांनी हिंग-ताक दिलं. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं. जेवण नको, अंगात कणकण. पोरगी कुशीवर पाय मुडपून पडलेली, खोकलं तरी कळवळायची. आत्या म्हणाली, “हिला रिक्षातून न्या आणि वाटेत तिच्या तोंडाकडे बघा.”

अपेंडिक्सचं दुखणं धक्क्याने वाढतं, म्हणून डॉक्टर मुलांना उडी मारून दाखवायला सांगतात. इंग्लंडमध्ये काही डॉक्टरांनी यावर रीतसर अभ्यासच केला. दवाखान्यात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा पोटात जास्त दुखलं का, एवढंच रोग्यांना विचारायचं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2012 साली तो छापून आला. ज्यांचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं निघालं अशा 34 जणांपैकी 33 जणांना गतिरोधक चांगलाच जाणवला होता. तो बाकीच्या पोटदुख्यांपैकीही बऱ्याच जणांना जाणवला होता. म्हणजे दुखलं तर अपेंडिक्सच, असं नाही. पण काहीच दुखलं नाही तर शंका बरीच कमी होते. आपल्याकडे ही तपासणी घरापासून दवाखान्यापर्यंत सरकारी खर्चाने, अखंड चालू असते. त्या मुलीचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं.

बाकीची दुखणीही आपापल्या खुणा ठेवतात. तळणीचं जेवण झाल्यावर उजव्या बरगडीखाली धरून पाठीकडे, खांद्याकडे जाणारी कळ पित्ताशयाची असू शकते. कमरेच्या बाजूने जांघेत उतरणारी आणि माणसाला ना बसू ना झोपू देणारी कळ मुतखड्याची. पोट फळीसारखं कडक लागलं, उलट्या थांबेनात, काळी शौचाला झाली, तर ओव्याच्या डब्याला हात न लावता निघावं.

माझी खरी धास्ती मात्र पोटाची नाहीच. मोठं आतडं डाव्या बरगडीखाली एक वळण घेतं. तिथे गॅस अडकला की छातीत धरल्यासारखं होतं आणि माणूस हार्ट अटॅक आला म्हणून घाबरतो. हे प्रकरण निदान हसण्यावारी तरी नेता येतं. उलट झालं तर नेता येत नाही. हृदयाची खालची बाजू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेली, पडद्याखाली जठर. त्या बाजूला झटका आला तर छातीत न दुखता वरच्या पोटात जड वाटतं, मळमळतं, उलटी होते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना ऐन थंडीत दरदरून घाम फुटला होता आणि ते सोडा पीत बसले होते. ढेकर आली, ‘बरं वाटलं’ म्हणाले, म्हणून बायकोनेही सुस्कारा टाकला. ढेकर ही काही निर्दोषपणाची पावती नव्हे. हृदयाचं दुखणं असलं तरी ती येते. जिना चढताना वाढणारं आणि थांबल्यावर ओसरणारं ‘गॅसचं’ दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारं, घामासकट येणारं, यांना ईसीजी लागतो. मधुमेह असेल तर छातीत दुखेलच याचा भरवसा नाही, बायकांमध्येही लक्षणं अशी आडवळणाची असू शकतात. त्या गृहस्थांच्या मुलाने वडिलांचं न ऐकता 108 ला फोन लावला. ते आता सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात आणि तो गॅसच होता असं अजून म्हणतात.

गॅस पाठीत धरला, डोक्यात चढला, खांद्यात गेला, हे मात्र मला पूर्वी शुद्ध थोतांड वाटायचं. आतडं म्हणजे बंद नळी. त्यातून वायूला दोन दरवाजे, आणि थोडा रक्तात मुरून श्वासावाटे बाहेर पडतो तेवढाच. खांद्यात जायला वाटच नाही. पण दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला उरलेला वायू पडद्याला टोचत राहतो, आणि पडद्याची मज्जातंतू मानेतून निघत असल्यामुळे दुखतो तो खांदा. आत्याचं पित्ताशय काढलं तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने नर्सला सांगितलं, “गॅस खांद्यात गेलाय.” नर्स म्हणाली, “हो आजी, जातो.” आत्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एका बाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टर रोज सकाळी येऊन त्यांना एकच प्रश्न विचारायचे, “गॅस पास झाला का?” मोठ्या ऑपरेशननंतर आतडी काही काळ संपावर जातात. वारा सरला म्हणजे ती कामावर रुजू झाली. तोवर त्या बाईंना जपूनच पाणी मिळत होतं. सून, मुलगा, जावई, सगळे त्या एका बातमीसाठी बाकावर बसून. एके दुपारी सून पदर सावरत कॉरिडॉरमध्ये आली आणि तिने मोबाइल स्पीकरवर टाकून नाशिकला मोठ्या दिरांना खणखणीत आवाजात सांगितलं, “भावोजी, आईंना गॅस पास झाला!” पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. आत्या उशीवरून मान उचलून म्हणाली, “मग आता त्यांना चहा विचारा की.”