आमची वाटचाल : सतारीच्या गल्लीत व्हायोलिनचं माहेर

आमचं दुकान मिरजेत. इथं भोपळा, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी), जवारी (तारा टेकतात त्या घोडीला घासून दिलेला आकार) हे सतारीचे शब्द पोरं बाराखडीच्या आधी शिकतात. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली आणि गावाला धंदा मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमचे अण्णा याच गल्लीत शिकले आणि पुढं त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. व्हायोलिन मधूनच कधीतरी यायचं. अण्णा त्याला सासुरवाशीण म्हणायचे. "दुखलं-खुपलं बघू, पण हिचं माहेर आपल्याला विचारू नका."

मी मात्र विचारायच्या आधीच सांगून बसलो.

सांगलीच्या गावभागातले एक निवृत्त शिक्षक आजोबांचं व्हायोलिन घेऊन आले होते. त्याला तीस वर्षं होत आली. आत लेबल होतं, लॅटिनमध्ये : 'आंतोनिउस स्ट्राडिव्हारिउस क्रेमोनेन्सिस', पुढं 'फासिएबात आन्नो' (म्हणजे 'यांनी अमुक साली केलं') आणि साल १७२१. अण्णा बाहेरगावी होते. इटलीतल्या क्रेमोनाच्या त्या नामवंत व्हायोलिन कारागिराचं नाव मी कुठंतरी वाचलेलं होतं, ते ओळखलं आणि म्हणालो, "सर, हे लाखांत जाईल." सर मुंबईला जाऊन आले. तिथं दोन मिनिटांत निकाल लागला. परत आल्यावर त्यांनी तारांचे पैसे मोजून ठेवले आणि एवढंच म्हणाले, "ठाऊक नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं."

आमच्या धंद्याची व्हायोलिनची शाखा तिथं सुरू झाली, असं मी मानतो.

पहिला धडा लेबलाचाच. स्ट्राडिव्हारी क्रेमोनात १७३७ साली वारले. पण त्यांच्या नावाची लेबलं एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही हजारोंनी छापली गेली. जर्मनीत सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शन आणि बव्हेरियातलं मिटेनवाल्ड, बोहेमियातलं (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं) शॉनबाख, फ्रान्समधलं मिरकूर ही गावं व्हायोलिनवरच जगत होती. त्यांच्या लेखी ते लेबल म्हणजे 'या नमुन्यावरून केलेलं' एवढंच. त्याला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फसतो तो नातू. लेबलावर इंग्रजीत देशाचं नाव असेल तर वाद्य बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हापासून. चेकोस्लोव्हाकिया लिहिलेलं असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही. तोवर तो देशच नव्हता. पण देशाचं नाव नाही म्हणून वाद्य जुनं, असा उलटा हिशेब चालत नाही.

दुसरा धडा कृष्णामाईनं दिला. ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत आमच्याकडं सात व्हायोलिनं आली, सगळी सांध्यातून सुटलेली. जुनं व्हायोलिन सरसानं (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकानं) चिकटवलेलं असतं आणि सरस पाण्यानं विरघळतो. एरवी पोट उघडायला गिऱ्हाईक परवानगी देत नाही. पुरानं सातही उघडून दिली. एकात कोपऱ्याकोपऱ्याला लाकडाचे नीट ठोकळे होते आणि वरच्या फळीखालची पट्टी, म्हणजे बेस बार, वेगळी करून चिकटवलेली होती. बाकीच्यांत कोपरे पोकळ. तीन फळ्यांत तर बार वेगळा नव्हताच. फळी कोरतानाच तेवढा उंचवटा सोडून दिलेला. सॅक्सनीतल्या स्वस्त मालाची ही खूण. एकाच्या कडेची दुहेरी काळी रेघ जडवलेली नसून चक्क रंगवलेली होती.

तिकडं सॅक्सनीत एका घरात नुसती नरसाळी (आम्ही व्हायोलिनच्या वळलेल्या डोक्याला हेच म्हणतो), दुसऱ्या घरात फळ्या, आणि व्यापारी ते सगळं एकत्र करून विकणार. लोक त्याला नाक मुरडून 'फॅक्टरीचं' म्हणतात. मला ते आपल्यासारखंच वाटतं. आमचा भोपळा मंगळवेढ्याकडून येतो, खुंट्या एकजण करतो, जवारी दुसराच काढतो.

त्या सातांत सरांचंही होतं. सर राहिले नव्हते. सूनबाई घेऊन आल्या होत्या. पोकळ कोपरे, अंगचाच बार. मुंबईवाल्याला बाहेरून दोन मिनिटांत जे दिसलं होतं ते मला पंचवीस वर्षांनी आतून दिसलं.

आता आमची पद्धत ठरलेली आहे. आधी पाठीची लांबी मोजायची. पूर्ण आकाराची साधारण ३५५ मिलिमीटर भरते. मग कडा, नरसाळं, वार्निश. मग आत छोटा दिवा आणि दाताच्या डॉक्टरांचा आरसा घालून बघायचं. लेबल सगळ्यात शेवटी. तपासणीचे पाचशे रुपये, वाद्य कसंही निघो. कागदावर 'लेबल अमक्याचं आहे' आणि 'वाद्य अमक्याचं आहे' ही वाक्यं आम्ही वेगळी ठेवतो. ज्याची किंमत आम्ही सांगितली ते वाद्य आम्ही विकत घेत नाही. या नियमापायी दोन-तीन चांगले सौदे गेले, हेही सांगून टाकतो.

२०११ साली 'लेडी ब्लंट' नावाचं स्ट्राडिव्हारी जवळजवळ १५९ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हापासून माळ्यावरची व्हायोलिनं जास्तच खाली उतरायला लागली. आणि इकडच्या घरांत व्हायोलिन निघणं नवलाचं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधाशी नातं असलेले गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. त्यांना ऐकून हातात व्हायोलिनचा गज घेतलेली माणसं या भागात होती. बहुतेक वाद्यं सॅक्सनीकडचीच निघतात. नीट दुरुस्त केलेल्याला आमच्या अनुभवात वीस ते पन्नास हजारांचं गिऱ्हाईक मिळतं. एका भावानं मात्र आणण्याआधी सुताराकडून पॉलिश मारून घेतलं आणि भेग फेव्हिकॉलनं सांधली. जुनं वार्निश गेलं की निम्मी किंमत तिथंच जाते. कृपा करून ओल्या फडक्यानंही पुसू नका, आहे तसं आणा.

सरांचं व्हायोलिन सरसानंच पुन्हा जोडलं, घोडी नवी बसवली. कागदावर लिहिलं : सॅक्सनी किंवा बोहेमिया, साधारण १८९० ते १९२०, लेबल नमुन्याचं. सूनबाईंनी पाचशेची नोट पुढं केली. ती मी घेतली नाही. ते पाचशे माझ्याकडूनच येणं होतं.